चालता कॉम्प्युटर दुरुस्त केल्याची गोष्ट

आमच्या घरातला कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतरी आमची ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतेच. "चांगला चालत होता, म्हणून यांनी दुरुस्तीला काढला," हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलंय की आता ते ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणते. ऐकणारा हसतो. मग मीही हसतो. आपल्यावरच्या विनोदाला माणसाने हसावं असं म्हणतात. किती वेळा, ते मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही.

कॉम्प्युटर जुना. हॉलच्या कोपऱ्यात, चपलांचं कपाट आणि खिडकी यांच्या मध्ये त्याची जागा. तो इतका हळू चालायचा की चालू करून आंघोळ उरकून यावं, तरी तो आपला विचारच करत असायचा. मग मेहुण्याने त्याच्यावर विंडोज काढून लिनक्स बसवून दिलं. माझा मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. लिनक्सचा विषय निघाला की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते त्याच्या स्वतःच्या लग्नातही आलं नव्हतं. "यात सगळं फुकट आहे भावोजी, आणि सगळं मोकळं. तुम्हाला हवं ते करता येतं." यातलं शेवटचं वाक्य त्याने मला सांगायला नको होतं.

कॉम्प्युटर खरा वापरायच्या सासूबाई. त्या आमच्याकडेच राहतात. रोज दुपारी जेवणं आटोपली की केसांवरून कंगवा फिरवून त्या खुर्चीत बसत आणि दुसऱ्या गावातल्या आपल्या धाकट्या बहिणीशी, म्हणजे हिच्या मावशीशी, व्हिडिओवर बोलत. यात विशेष असं की त्याआधी कित्येक वर्षं या दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. भांडण एका शिवणयंत्रावरून. त्यांच्या आईचं पायाने चालवायचं शिवणयंत्र आई गेल्यावर सासूबाईंकडे आलं, आणि आईने ते आपल्याला द्यायचं ठरवलं होतं असं मावशींचं म्हणणं. ते यंत्र पुढे गंजून भंगारात गेलं. भांडण मात्र तेलपाणी केल्यासारखं सुरळीत चालू राहिलं. यंदा मेहुण्याने दोघींना पडद्यावर समोरासमोर आणलं आणि हवापाण्यापासून बोलणी सुरू झाली. शिवणयंत्राचा विषय दोघीही टाळत. शर्टाचं बटण तुटल्याचं सांगायचं असलं तरी सासूबाई "बटण निघालं" एवढंच म्हणत, शिवलं की नाही ते नाही.

आता माझ्याबद्दल दोन शब्द. मी पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क आहे. माझ्या टेबलावर फाईल राहत नाही अशी माझी ख्याती आहे. त्या पुढे कुठे जातात हा वेगळा प्रश्न. अशा माणसाने एका रविवारी सकाळी, मेहुण्याने शिकवल्याप्रमाणे, पडद्यावरची काळी खिडकी उघडून अपडेटची कमांड दिली आणि उत्तर आलं: "खालील सहा पॅकेजेस मागे ठेवण्यात आली आहेत."

मागे ठेवण्यात आली आहेत. का, ते नाही. कोणी, ते नाही. खाली सही नाही, जावक क्रमांक नाही. मी पुन्हा कमांड दिली, पुन्हा तेच. सहा प्रकरणं प्रलंबित, आणि तीही माझ्या घरात. मी मेहुण्याला फोन लावला.

"राहू द्या भावोजी, आपोआप येतील," तो म्हणाला. "लिनक्समध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर, म्हणजे तुमचं ते पॅकेज, एका कोठारातून येतं. रिपॉझिटरी म्हणतात त्याला. नवं काही आलं की ते आधी थोड्या लोकांना देतात. त्यांचं काही बिघडलं नाही, तर मग बाकीच्यांना."

"म्हणजे आपण बाकीचे?"

"हे चांगलंच असतं भावोजी. काही करू नका फक्त."

एवढं बोलून तो कामावर गेला. पवनचक्क्यांची देखभाल करणं हे त्याचं काम, आणि पवनचक्क्या असतात अशा डोंगरावर जिथे वारा सोडून दुसरं काही पोचत नाही, फोनची रेंज तर नाहीच. मी बाकीच्यांत मोडतो ही बातमी मनात घेऊन मी दोन दिवस काढले. ऑफिसात यंदाची बढतीची यादी लागली होती. माझं नाव त्यात का नव्हतं याचंही कारण कोणी दिलेलं नव्हतं. त्या गोष्टीचा या गोष्टीशी संबंध आहे असं ही म्हणते. मी म्हणत नाही.

मंगळवारी जिन्यात वरच्या मजल्यावरचे पूलवाले भेटले. जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनीयर, म्हणून त्यांना सगळी इमारत पूलवाले म्हणते. ते लिनक्स वापरतात हे मला ठाऊक होतं. मी सहज विषय काढला, आणि ते घरात जायचे ते सरळ माझ्या घरात आले. गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी पडद्याची पाहणी केली.

"तुमचं कोठारच जुनं आहे," ते म्हणाले. "जुन्या कोठारात ताजा माल कुठून येणार? मी वापरतो ते जोडून देतो. पाया पक्का केला की वरचं सगळं आपोआप उभं राहतं."

त्यांनी दोन बोटांनी, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, एक लांबलचक ओळ टाकली. मी पुन्हा अपडेट चालवलं. मागे राहिलेली पॅकेजेस सहाची एकोणीस झाली.

"बघा," पूलवाले समाधानाने म्हणाले, "आता खरा आकडा कळला." आणि चहा घेऊन वर गेले.

बुधवारी संध्याकाळी मी तळमजल्यावरच्या दातवाल्या डॉक्टरांकडे दाढ दाखवायला गेलो होतो. त्यांच्या दवाखान्यातही लिनक्सच आहे. तोंडात आरसा असताना माणूस जेवढं बोलू शकतो तेवढ्यात मी त्यांना माझी अडचण सांगितली. पूलवाल्यांनी त्यांचं कोठार जोडून दिलंय हे ऐकताच त्यांनी आरसा बाहेर काढला. दुसऱ्या डॉक्टरने भरलेला दात पाहिल्यावर त्यांचा चेहरा जसा होतो, तसा झाला.

"ते कोठार? अहो, तिथे कच्चा माल असतो. नीट तपासलेलाही नसतो. थांबा, मी येतो."

इथे एक खुलासा करायला हवा. पूलवाले आणि दातवाले यांचं जमत नाही. पूलवाल्यांची गाडी दवाखान्याच्या दारासमोर उभी असते आणि डॉक्टरांचे पेशंट आपल्या दुचाकी तिला टेकवून ठेवतात. अशा दोघांपैकी एकाचं कोठार घ्यायचं आणि दुसऱ्याला नाही म्हणायचं, हे शेजारधर्मात बसत नाही. एकाकडून वाटी आणली तर दुसऱ्याकडून निदान चमचा आणावा, म्हणजे कोणी दुखावत नाही. म्हणून डॉक्टर आले तेव्हा मी पूलवाल्यांचं कोठार काढलं नाही आणि डॉक्टरांना तसं सांगितलंही नाही. त्यांनी त्यांचं जोडलं. लगेच तक्रार आली की या कोठाराची सही ओळखता येत नाही.

"याला सांगा, विश्वास ठेव म्हणून," डॉक्टर म्हणाले. "एक शब्द टाकायचा, की सही तपासत नाही तो."

सही न तपासता मंजुरी. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हे कधी केलं नव्हतं. म्हणजे केलं होतं, पण वरून तोंडी आदेश असताना. डॉक्टरांनी तोंडी आदेश दिला आणि मी तो शब्द टाकला.

त्यानंतर कॉम्प्युटरचा स्वभावच बदलला. या पॅकेजला ते पॅकेज हवं, पण नेमकं नव्या मापाचं. त्याला तिसरं हवं, पण जुन्या मापाचं. आणि नवं आलं तर जुन्याने निघून जायचं. पूलवाल्यांच्या कोठारातला माल डॉक्टरांच्या मालाला घरात घेईना. शेवटी ठपका आला तो असा: "तुम्ही मोडकी पॅकेजेस धरून ठेवली आहेत." मला हे लागलं. मी काहीही धरून ठेवलेलं नव्हतं. मी तर सगळ्यांना या म्हणत होतो.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं की इंटरनेटवर लिनक्सवाल्यांची एक सभा आहे, तिथे प्रश्न विचारला की जगातले जाणकार उत्तर देतात. सभेत शिरायला आधी मी माणूस आहे हे सिद्ध करावं लागलं. नऊ चित्रांपैकी जिने कुठल्या चित्रांत आहेत ते ओळखायचं. मला दोनदा जमलं नाही. एका चित्रातली ती शिडी होती की जिना, यावर अजूनही माझं मत ठाम नाही. पुढे माझा प्रश्न परत आला, कारण "कृपया मदत हवी" हे शीर्षक पुरेसं नाही. दुसऱ्यांदा परत आला, कारण विभाग चुकला. तिसऱ्यांदा तो कुठल्याशा जुन्या प्रश्नाला जोडून टाकला, ज्यावर शेवटचं उत्तर "आता माझं चालतंय, धन्यवाद" असं होतं. कसं चालतंय ते त्या गृहस्थाने लिहिलं नव्हतं. अर्ज फिरवण्यात माझी हयात गेली आहे, पण पटलावर कोणी दिसत नसताना अर्ज इतका सुरेख फिरवता येतो हे मला माहीत नव्हतं. मनातल्या मनात मी त्या लोकांना नमस्कार केला.

अखेर "कासव" असं टोपणनाव घेतलेल्या कोणीतरी उत्तर दिलं: "कोणकोणती कोठारं जोडली आहेत ते दाखवा."

आता परक्या माणसासमोर घरातलं किती उघडं करायचं? मी लिहिलं, "नेहमीचीच."

"नेहमीच्या कोठारांनी असं होत नाही," कासवाने लिहिलं. "तुम्ही खोटं बोलताय."

असं मला माझ्या साहेबांनीही कधी म्हटलेलं नाही. मी सभा सोडली आणि पूलवाल्यांना गाठलं. ते म्हणाले, "अर्धवट अपडेट करत बसू नका. संपूर्ण करणारी कमांड असते, ती द्या. मधे येईल ते ती बाजूला करते."

शनिवारी दुपारी, सासूबाई खुर्चीत बसायच्या जरा आधी, मी ती कमांड दिली. पडद्यावर नावांची मोठी यादी आली, वर लिहिलेलं: "खालील पॅकेजेस काढून टाकली जातील." यादी एका पडद्यात मावत नव्हती. शेवटी प्रश्न: पुढे जायचं का? हो की नाही?

रोज कितीतरी कागदांवर मी शेवटचं पान बघून सही करतो. मी हो म्हटलं.

"झालं का तुमचं?" सासूबाई मागे उभ्या होत्या. "ती वाट बघत असेल."

"बसा तुम्ही आई," मी म्हणालो. "त्याचं आतल्या आत चालू राहील."

त्या बसल्या. मावशी पडद्यावर आल्या. नेहमीसारखं गुडघ्यांचं झालं, शेजारणीच्या सुनेचं झालं. मी सोफ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. मग मावशी जरा थांबल्या आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "ताई, एक विचारू? रागावणार नाहीस ना? ते मशीन आईने खरंच कोणाला द्यायला सांगितलं होतं? मला आता ते नकोय गं. फक्त खरं काय ते कळू दे."

सासूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत होती. बाकी काही नाही.

सासूबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "जावईबापू, तिला वाटेल मी बंद केलं."

तसंच वाटलं. सासूबाईंनी लगेच फोन लावला, तो उचलला नाही. पुन्हा लावला तेव्हा मावशींच्या सुनेने घेतला आणि अवघडून सांगितलं, "आई आत्ता बोलायच्या मनःस्थितीत नाहीत." सासूबाईंनी फोन खाली ठेवला. "दोनदा केला मी," त्या म्हणाल्या. "आता तिने करावा." आणि आपल्या खोलीत गेल्या. संध्याकाळी त्या जेवायला आल्या नाहीत. हिने ताट झाकून ठेवलं आणि मला एवढंच म्हणाली, "तुम्हाला ती सहा पॅकेजं खुपत होती ना?"

रविवारी दोन्ही तज्ज्ञ एकाच वेळी घरात आले. मी दोघांनाही बोलावलं होतं, पण एकमेकांबद्दल सांगितलं नव्हतं. काळ्या पडद्यासमोर उभं राहून आधी पूलवाले म्हणाले की दुसरं कोठार जोडलं नसतं तर हे झालं नसतं. मग डॉक्टर म्हणाले की पहिलं जोडलं नसतं तर दुसऱ्याची गरजच पडली नसती. दोघांचं बरोबर होतं. पुढे गाडीचा विषय निघाला. शेवटी एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं, की सगळं पुसून नव्याने बसवावं.

"पुसायचं नाही," सासूबाई दारातून म्हणाल्या. "तिने पाठवलेले आईचे फोटो आहेत त्यात."

एवढं बोलून त्या परत आत गेल्या. दोघा तज्ज्ञांनी चहाचे कप खाली ठेवले आणि थोड्या वेळाने, मधे पुरेसं अंतर ठेवून, जिना उतरले आणि चढले.

मी फोन घेतला आणि कासवाला सगळं लिहिलं. पूलवाल्यांचं कोठार, डॉक्टरांचं कोठार, न तपासलेली सही, न वाचता म्हटलेलं हो. सासूबाईंचंही लिहिलं, जरी त्याने ते विचारलं नव्हतं. उत्तर यायला वेळ लागला. मग आलं: "आधी हेच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लिहून घ्या." खाली कमांडांची रांग.

सोमवारी मी दोन दिवसांची रजा टाकली. फोन हिच्या हातात आणि मी काळ्या पडद्यासमोर. ही वाचायची, मी टाइप करायचो.

"आडवी रेघ. मग अजून एक आडवी रेघ."

"दोन्ही चिकटून?"

"चिकटून. पुढे जागा आहे."

"किती जागा?"

"अहो, जागा म्हणजे जागा. प्लॉट घ्यायचाय का?"

आधी पूलवाल्यांचं कोठार बंद केलं, मग डॉक्टरांचं. त्यांच्याकडून आलेला एकेक माल परत करून आपल्या मूळ कोठारातला जुना माल आणला. दर कमांडनंतर कासवाची एक टीप असायची: "आता वाचा. न वाचता हो म्हणू नका." ती टीप ही जरा जास्तच मोठ्याने वाचायची. मी खरोखर वाचू लागलो. या वेळी काढायच्या यादीत काय काय आहे ते ओळीओळीने बघितलं, आणि एकदा तर नाही म्हटलं. नाही म्हटलं की कॉम्प्युटर निमूट थांबतो, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटची कमांड होती कॉम्प्युटर बंद करून चालू करायची. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो. पडदा उजळला, मागचं निळं चित्र आलं, फोटोंची पेटी जागच्या जागी होती.

"आई," हिने हाक मारली, "सुरू झाला."

सासूबाई आल्या, खुर्चीत बसल्या, बहिणीच्या चित्रावर बोट नेलं आणि मागे घेतलं. "तिने करावा," त्या पुन्हा म्हणाल्या, पण शनिवारसारख्या ठामपणे नाही.

त्याच वेळी दाराची घंटा वाजली. दारात मावशी होत्या. दोन्ही हातांत दोन पिशव्या, कपाळावर घाम. "तिने उत्तर दिलं नाही," त्या मला म्हणाल्या, "म्हणून घ्यायला आले."

मी घाईघाईने सांगू लागलो की सासूबाईंनी बंद केलं नव्हतं, ते माझ्यामुळे झालं, दोन कोठारं होती, एकाची सही न तपासलेली. मावशींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातला एकही शब्द खरा मानला नाही. जावई सासूची बाजू घेतोय एवढंच त्यांना दिसलं.

समोरासमोर आल्यावर वाटलं होतं की दोघी आता गळ्यात पडतील नाहीतर भांडतील. दोन्ही झालं नाही. दोघी अतिशय सभ्यपणे वागू लागल्या. "प्रवास कसा झाला?" "बरा झाला." "चहात साखर?" "चालेल." पडद्यावर तासतासभर बोलणाऱ्या या बायका एका सोफ्याच्या दोन टोकांना बसून माझ्या चपलांच्या कपाटाचं कौतुक करत होत्या. संध्याकाळ अशी गेली, दुसरी सकाळही गेली. ही माझ्याकडे बघायची आणि मी कुठेतरी दुसरीकडे.

मंगळवारी दुपारी जेवणं झाली. मावशी पडायला म्हणून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.  मग सासूबाईंनी केसांवरून कंगवा फिरवला, खुर्चीत बसल्या आणि बहिणीच्या चित्रावर बोट दाबलं.

भिंतीपलीकडे मावशींचा फोन वाजू लागला. बराच वेळ वाजला. मग मावशी पडद्यावर आल्या, मागे आमच्याच खोलीतलं आमचंच कपाट.

"काय गं ताई," त्या म्हणाल्या, एकदा भिंतीतून आणि एकदा कॉम्प्युटरमधून.

"आईने ते मशीन तुलाच द्यायला सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मला हवं होतं म्हणून मी ठेवून घेतलं."

पडद्यावरचं मावशींचं चित्र जरा अडकल्यासारखं झालं. पण भिंतीपलीकडून नाक ओढल्याचा आवाज आम्हाला आधीच ऐकू आला होता. कॉम्प्युटरमधून तो जरा उशिराने आला.

"तुझा आवाज नीट येत नाहीये ताई," मावशी म्हणाल्या. "परत सांग बघू."

सासूबाई पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या आणि त्यांनी परत सांगितलं.